विंडोज १० सुटलं. लिनक्सवर डेस्कटॉप कुठला घ्यायचा आणि तो हाताला कसा बसवायचा?

नवीपेठ_नवशिका

यंत्र असं: वापरलेला लॅपटॉप, सातव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, १४ इंची पडदा १९२० × १०८०. टेबलावर २४ इंची मॉनिटर, तोही १९२० × १०८०. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट संपले आणि ११ साठी हा प्रोसेसर यादीत नाही.

काम: ब्राउझर, लिब्रेऑफिस, रोज दोन-तीन तास मराठी टायपिंग, अधूनमधून इंकस्केपमध्ये चित्रं. ग्नोम, केडीई, सिनॅमन, एक्सएफसीई यातलं काय घ्यावं? व्हिडिओत सगळेच देखणे दिसतात.

कसबा_कर्नल

देखणेपणावर निवड करू नका. रंग, आयकॉन, फॉन्ट, वॉलपेपर हे चारही ठिकाणी अर्ध्या तासात बदलता येतं. बदलता येत नाही किंवा बदलताना घाम फुटतो, ते आधी बघा:

१. दोन पडद्यांना दोन वेगळे स्केल (अक्षरं-चित्रं किती टक्के मोठी दाखवायची) देता येतात का
२. खिडक्या बदलायची, शेजारी-शेजारी लावायची मूळ पद्धत
३. मराठी टायपिंग सगळ्या प्रोग्रॅमांत सारखं चालतं का
४. दर सहा महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी आवृत्ती बदलली की तुमची मांडणी टिकते का

तुमच्या बाबतीत पहिला मुद्दाच निर्णायक आहे. १४ इंचावर १०८० म्हणजे इंचाला साधारण १५७ पिक्सेल, २४ इंचावर ९२. लॅपटॉपवर जे अक्षर बारीक दिसतं तेच मॉनिटरवर ठसठशीत. दोन्हीकडे डोळ्यांना सारखं हवं असेल तर लॅपटॉपला १२५ टक्के आणि मॉनिटरला १०० टक्के द्यावे लागतात. खिडक्या पडद्यावर मांडणाऱ्या जुन्या एक्स११ यंत्रणेत संपूर्ण सेशनला एकच डीपीआय (इंचामागे ठिपके) असतो, त्यामुळे तिथे हे जमतं ते ओढूनताणून. तिच्या जागी आलेल्या वेलँडवर प्रत्येक पडद्याचं स्केल वेगळं. म्हणून तुमच्यासाठी प्लाझ्मा ६ (केडीईचा डेस्कटॉप) किंवा ग्नोम, दोन्ही वेलँडवर. सिनॅमन आणि एक्सएफसीई ४.२० मध्ये वेलँड आहे, पण अजून प्रायोगिक म्हणूनच.

उंदीरद्वेष्टा

स्वे हा विंडो मॅनेजर वापरा. खिडक्या आपोआप फरश्यांसारख्या बसतात, माउस लागत नाही, सगळी मांडणी एका मजकुराच्या फायलीत. दोन पडद्यांचं स्केल म्हणजे त्या फायलीत दोन ओळी.

कसबा_कर्नल

आणि वाय-फायचं चिन्ह, आवाजाची पट्टी, बॅटरीची सूचना, स्क्रीनशॉट, कुलूप, पासवर्डची खिडकी हे सगळं वेगवेगळं आणून जोडायचं. ज्याला ते जोडण्यातच मजा आहे त्याच्यासाठी उत्तम. नवशिक्याला सोमवारी सकाळी पत्र टाइप करायचं आहे.

कोथरूडचा_के

आधी चाखून बघा. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर व्हेंटॉय टाकलं की आयएसओ फायली (लिनक्स चालवण्या-बसवण्याच्या प्रती) नुसत्या कॉपी करायच्या, दरवेळी पेनड्राइव्ह नव्याने लिहावा लागत नाही. एकेक आयएसओ ढोबळ ३ ते ६ जीबी, म्हणजे पाचेक आरामात मावतात. सिक्युअर बूट चालू असेल तर पहिल्यांदा निळा पडदा येतो, त्यात व्हेंटॉयची किल्ली नोंदवायची, म्हणजे पुढे अडत नाही.

लाइव्ह सेशनमध्ये (काही न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालवलेल्या लिनक्समध्ये) वेग जोखू नका, तो पेनड्राइव्हचा वेग असतो. जोखायचं ते हे: मॉनिटर जोडून झाकण बंद केल्यावर काय होतं, झोपवून उठवल्यावर वाय-फाय परत येतं का, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवण्याची दिशा, पडद्याचा अर्धाच भाग टिपणारा स्क्रीनशॉट किती कळांत निघतो, दोन फायली शेजारी-शेजारी लावायला काय करावं लागतं. प्रत्येकी वीस मिनिटं पुरतात. कागदावर लिहून ठेवा, नाहीतर तिसऱ्या डेस्कटॉपपर्यंत पहिला विसरतो.

एकाच यंत्रावर चार डेस्कटॉप चढवून तुलना करू नका, हे ठळक अक्षरांत. मेन्यूत तीन टर्मिनल, तीन फाइल मॅनेजर येतात. लॉगिनचा पडदा कुणी दाखवायचा यावर जीडीएम, एसडीडीएम आणि लाइटडीएम यांच्यात निवड करायला लागते. आणि एका डेस्कटॉपने लिहिलेली जीटीकेची (प्रोग्रॅमांच्या खिडक्या-बटणं रंगवणाऱ्या लायब्ररीची) सेटिंग दुसऱ्यात डोकावते. करायचंच असेल तर निदान प्रत्येक डेस्कटॉपला वेगळा यूजर बनवा.

शनिवारवाडा_शेल

ग्नोमची बाजू मांडतो, कारण इथे ती कुणी मांडणार नाही.

ग्नोम आहे तसं आठवडाभर वापरा. सुपर (विंडोजच्या चिन्हाची कळ) दाबलं की सगळ्या खिडक्या, तिथेच टाइप केलं की शोध, तीन बोटं आडवी ओढली की पुढचं वर्कस्पेस. लॅपटॉपच्या टचपॅडवर याच्याइतकं सफाईदार काही नाही. टास्कबार नाही म्हणून पहिल्याच तासात सहा एक्स्टेंशन टाकणारे ग्नोम वापरतच नाहीत, ते त्यातून विंडोज बनवतात, आणि पुढच्या आवृत्तीला ते मोडलं की ग्नोमला शिव्या देतात.

मोडतं का, ते समजून घ्या. एक्स्टेंशन हे शेलच्या आत शिरून चालणारं जावास्क्रिप्ट आहे, बाहेरून जोडलेला सुटा भाग नाही. शेलच्या आतलं नाव बदललं की एक्स्टेंशन पडतं. शिवाय प्रत्येक एक्स्टेंशनच्या माहिती-फायलीत ते कुठल्या आवृत्त्यांवर चालतं ते लिहिलेलं असतं. त्यात नवा आकडा नसेल तर शेल ते चालूच करत नाही. सप्टेंबर २०२३ च्या ग्नोम ४५ मध्ये मॉड्यूल लोड करायची पद्धतच बदलली, तेव्हा झाडून सगळी एक्स्टेंशनं पुन्हा लिहावी लागली.

म्हणून माझा हिशेब: चारच्या वर नको. डॅश टू पॅनेल किंवा डॅश टू डॉक यातलं एक, ट्रेच्या चिन्हांसाठी ॲपइंडिकेटर, बारीकसारीक लपवाछपवीला जस्ट परफेक्शन. एवढ्यात भागतं. एक्स्टेंशन मॅनेजर नावाच्या प्रोग्रॅममध्ये अपग्रेड असिस्टंट आहे. नवी आवृत्ती घेण्याआधी तो उघडायचा, तुमच्या एक्स्टेंशनांपैकी कुठली तयार आहेत ते तो सांगतो. उबुंटू २४.०४ च्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर ग्नोम ४६ आहे आणि ते तसंच राहतं, त्यामुळे तिथे हा प्रश्न दोन-दोन वर्षं येत नाही.

मिनिमाइझचं बटण नसतं, ते ट्वीक्स या प्रोग्रॅममध्ये ‘विंडोज’ (खिडक्या) या पानावर चालू करा. तिथेच ‘रीसाइझ विथ सेकंडरी क्लिक’ आहे, तेही करा.

नवीपेठ_नवशिका

त्या शेवटच्याने काय होतं?

शनिवारवाडा_शेल

सुपर धरून खिडकीत कुठेही डावं बटण दाबून ओढलं की खिडकी सरकते. सुपर धरून उजवं बटण दाबून ओढलं की आकार बदलतो. कड नेमकी पकडायची कसरत संपते.

उंदीरद्वेष्टा

हे प्लाझ्मात मुळातच सुपरवर आहे. सिनॅमन आणि एक्सएफसीईत तेच काम ऑल्टवर असतं, आणि इंकस्केपमध्ये ऑल्ट-क्लिकने खालची वस्तू निवडतात, ती क्लिक प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही. लोक इंकस्केपला दोष देतात. एक्सएफसीईत विंडो मॅनेजर ट्वीक्स, ॲक्सेसिबिलिटीचा टॅब, तिथे पकडायची कळ ऑल्टवरून सुपर करा. सिनॅमनमध्ये विंडोज सेटिंग्जच्या बिहेवियर टॅबमध्ये.

एक्सएफसीईच्या कित्येक थीममध्ये खिडकीची कड एकच पिक्सेल असते, तिथे तर ही युक्ती माहीत नसेल तर माणूस रडकुंडीला येतो. माझं नाव उगाच नाही.

वेलांटी

मराठीचं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. रोज तीन तास टायपिंग असेल तर डेस्कटॉपच्या आधी हे ठरवा: इन्स्क्रिप्ट की उच्चारानुसार?

इन्स्क्रिप्टला वेगळं इंजिन लागतच नाही. तो नुसता कीबोर्डचा लेआउट आहे, इंग्रजीसारखाच. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, लेआउट जोडा, मराठी. कुठल्याही डेस्कटॉपवर, लॉगिनच्या पडद्यावर, अगदी लाइव्ह पेनड्राइव्हवरसुद्धा चालतो. ‘पुढाऱ्यांच्या’ मधला ऱ्या कसा, हा नेहमीचा प्रश्न: शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग काना. साधा र घेतलात तर रफार होऊन ‘पुढार्यांच्या’ उमटतं.

उच्चारानुसार लिहायचं तर इंजिन हवं. आयबस असेल तर आयबस-एम१७एन पॅकेज, फसिटएक्स५ असेल तर फसिटएक्स५-एम१७एन. त्यात मराठीसाठी आयट्रान्स, फोनेटिक, गमभन असे पर्याय येतात. गमभनची सवय असलेल्यांनी वेगळं काही शिकायला नको. पॅकेज टाकल्यावर लॉगआउट करून परत या, नाहीतर यादीत दिसत नाही.

आता गोम. ग्नोममध्ये आयबस आतच गुंफलेलं आहे. इनपुट सोर्समध्ये जोडलं की संपलं, सुपर-स्पेसने भाषा बदलते. प्लाझ्मावर वेलँडमध्ये फसिटएक्स५ नुसतं सुरू करून भागत नाही. सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, व्हर्च्युअल कीबोर्ड या पानावर जाऊन तिथे फसिटएक्स ५ निवडावं लागतं. पानाचं नाव बघून वाटतं हे टचस्क्रीनवाल्यांसाठी आहे, म्हणून कुणी तिकडे फिरकत नाही. मग काही प्रोग्रॅमांत मराठी उमटतं, काहींत नाही.

फॉन्ट: उबुंटू-डेबियनवर भारतीय फॉन्टांचा मोठा गठ्ठा टाकलात की गार्गी, नकुल, सहदेव असे जुने फॉन्ट येतात आणि मेन्यूत एक शब्द जाड, एक बारीक असा प्रकार होतो. या जुन्या फॉन्टांची पॅकेजं काढून टाका. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी यातलं एक ठेवा. लोहितची देखभाल बरीच वर्षं रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी केली, छोट्या आकारात तो अजूनही स्वच्छ वाचता येतो. लांब मजकुराला मला ‘मुक्त’ हा फॉन्ट जास्त आवडतो.

आणि पॅनेल २४ पिक्सेलच्या खाली नेऊ नका. इंग्रजीला ते पुरतं, पण आपल्याकडे वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, दोन्ही छाटले जातात. ३२ ठेवा.

पिक्सेलपंत

स्केलिंगबद्दल एक पुरवणी. प्लाझ्मात डिस्प्ले सेटिंगमध्ये लॅपटॉप १२५, मॉनिटर १००. त्याच पानावर जुन्या एक्स११ प्रोग्रॅमांसाठी पर्याय आहे: स्वतः मोठं व्हा, की सिस्टिमने मोठं करू. दुसरा घेतला तर चित्र ताणलं जातं आणि अक्षरं धूसर दिसतात. पहिला घ्या. फायरफॉक्स आवृत्ती १२१ पासून आपोआप वेलँडवर चालतो, त्याला हा प्रश्न नाही.

ग्नोममध्ये उबुंटूवर डिस्प्लेच्या पानावर फ्रॅक्शनल स्केलिंगची कळ आहे. ती न लावता एक स्वस्तातला मार्ग: ट्वीक्समध्ये फॉन्टचं स्केलिंग १.१५ करा. अक्षरं वाढतात, आयकॉन तेवढेच राहतात, चित्र कुठेही ताणलं जात नाही. फक्त ते दोन्ही पडद्यांना सारखंच लागतं.

मिंटवर (सिनॅमन घेऊन येणाऱ्या लिनक्सवर) राहायचं असेल तर सिनॅमनच्या फॉन्ट सिलेक्शनमध्ये हीच सोय आहे. डिस्प्लेतलं प्रायोगिक फ्रॅक्शनल स्केलिंग सातव्या पिढीच्या इंटेल चिपवर टाळा: एक्स११ वर ते आधी चित्र मोठं रंगवतं आणि मग लहान करतं, त्या खटाटोपात बॅटरी आणि पंखा दोन्ही धावतात. एक्सएफसीईत अपिअरन्स, फॉन्ट्स, कस्टम डीपीआय ९६ चा ११० करा.

नवीपेठ_नवशिका

मग प्लाझ्मा ६ कडे कल आहे. कशात घ्यावा, आणि पहिल्या दिवशी काय बदलावं?

कोथरूडचा_के

डेबियन १३ मध्ये प्लाझ्मा ६.३ आहे आणि तो दोन वर्षं हलणार नाही. फेडोराच्या केडीई आवृत्तीत नवा प्लाझ्मा लवकर येतो. कुबुंटू २४.०४ घेऊ नका, त्यात अजून ५.२७ आहे, वर लिहिलेलं बरंच लागू पडणार नाही.

पहिल्या दिवशीचा क्रम:

पॅनेलवर राइट-क्लिक, पॅनेलची मांडणी. उंची ४४ असते, ती ३६ करा. ‘फ्लोटिंग’ बंद केलं की पॅनेल कडेला चिकटतं, माउस नुसता कोपऱ्यात फेकला की मेन्यू सापडतो.

मग विंडोजसारखी टास्कबार हवी तर पॅनेलवरचं आयकॉन-ओन्ली टास्क मॅनेजर काढायची गरज नाही. ‘शो ऑल्टरनेटिव्ह्ज’मधून नावांसकटचा प्रकार निवडा.

खिडक्या लावायला सुपर आणि बाण. सुपर-टी दाबून पडद्याचे आपल्याला हवे तसे भाग पाडता येतात, मग शिफ्ट धरून खिडकी ओढली की ती त्या भागात बसते. २४ इंचावर ६०-४० ची विभागणी लिहिण्याला छान: डावीकडे मजकूर, उजवीकडे संदर्भ.

फाइल सर्चचं पान उघडा. बालू नावाचा शोधयंत्रणेचा नोकर सगळ्या फायली आतून वाचतो, पहिल्या दिवशी पंखा त्यानेच फिरतो. मजकूर वाचणं बंद करा, नुसती नावं ठेवा. याच नावाचा एक मराठी फॉन्टही आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही.

लॉगिनचा पडदा वेगळाच प्रोग्रॅम आहे, म्हणून तिथे अक्षरं बारीक आणि कर्सर दुसराच दिसतो. लॉगिन स्क्रीनच्या पानावर ‘अप्लाय प्लाझ्मा सेटिंग्ज’ दाबा.

सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘हायलाइट चेंज्ड सेटिंग्ज’ असा पर्याय आहे. मूळ मांडणीपासून कुठल्या पानावर काय बदललं ते ठिपक्यांनी दिसतं. महिन्याभराने ‘हे असं कधी झालं’ असा प्रश्न पडला की हेच कामाला येतं.

ग्लोबल थीम मात्र सरळ उतरवून लावू नका. त्यात नुसती चित्रं नसतात, चालणारा कोडही असतो. मार्च २०२४ मध्ये केडीईच्या दुकानातल्या एका थीमने वापरणाऱ्याच्या फायली पुसल्या होत्या आणि केडीईला जाहीर इशारा द्यावा लागला. कलर स्कीम, आयकॉन, कर्सर हे सुटे सुटे घ्या. दिसण्यातला मोठा फरक त्यानेच पडतो.

पिक्सेलपंत

थीमबद्दल अपेक्षाही बेताच्या ठेवा. ग्नोमचे नवे प्रोग्रॅम लिबअद्वैता ही दिसणं ठरवणारी लायब्ररी वापरतात. त्यांचा माथा ते स्वतः रंगवतात, तुमच्या डेस्कटॉपला विचारत नाहीत. प्लाझ्मात सगळ्या खिडक्यांना एकसारखी बटणं हवीत हा हट्ट तिथे संपतो. प्रकाशमान की गडद, एवढं ऐकतात.

फ्लॅटपॅक या वेगळ्या पॅकेज-पद्धतीचे प्रोग्रॅम डब्यात चालतात, होम फोल्डरातली थीम त्यांना दिसत नाही. त्या थीमचं फ्लॅटपॅक मिळत असेल तर ते टाकायचं, नाहीतर फ्लॅटसीलमधून थीमच्या फोल्डरापुरती वाचायची परवानगी द्यायची. संपूर्ण होम उघडून देणारे सल्ले फिरतात, ते घेऊ नका.

ग्नोमवर क्यूटीचे (केडीई ज्या लायब्ररीवर बेतलंय तिचे) प्रोग्रॅम नीट दिसावेत म्हणून क्यूटी६सीटी वापरतात. त्याचं व्हेरिएबल सगळ्या सिस्टिमच्या एन्व्हायर्नमेंट फायलीत टाकलंत आणि पुढे प्लाझ्मात शिरलात, तर प्लाझ्माचे स्वतःचे प्रोग्रॅम तुमच्या सेटिंग ऐकेनासे होतात. कारण शोधण्यात एक रविवार जातो.

नवीपेठ_नवशिका

८ जीबीत प्लाझ्मा जड नाही का? एक्सएफसीई हलकं म्हणतात.

कसबा_कर्नल

हलकं आहे, पण फरक काहीशे एमबीचा. ब्राउझरचे दहा टॅब तेवढे सहज खातात. मोजताना ‘यूज्ड’चा रकाना बघू नका, ‘अव्हेलेबल’ बघा. लिनक्स मोकळी रॅम फायलींच्या कॅशला वापरतं आणि मागितली की परत देतं. ४ जीबी असतं तर मीही एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी म्हटलं असतं. फेडोरात झेडरॅम (रॅममधली माहिती दाबून बसवणारी सोय) मुळात चालू असतं, डेबियनवर झेडरॅम-टूल्स टाका.

खरा इलाज आणखी ८ जीबी. लॅपटॉपची डीडीआर४ पट्टी पुण्यात तपकीर गल्लीत मिळते, पण जाण्याआधी दोन स्लॉट आहेत का ते बघा. काही पातळ मॉडेलांत एक रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते. डीएमआयडीकोड ही आज्ञा मेमरीचे स्लॉट आणि वेग दोन्ही सांगतं. पट्ट्या जोडीने लागल्या की इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सलाही फायदा होतो, कारण ते त्याच रॅममधून घेतं.

सुडो_सदाशिव

सगळं छान चाललंय, पण मोडल्यावर काय ते कुणी लिहिलं नाही.

प्लाझ्मात पॅनेल गायब: डेस्कटॉपवर राइट-क्लिक, एडिट मोड, ॲड पॅनेल, डिफॉल्ट पॅनेल. सिनॅमन गोठलं: कंट्रोल-ऑल्ट-एस्केप, डेस्कटॉप नव्याने सुरू होतो, उघड्या खिडक्या तशाच राहतात. ग्नोम एक्स्टेंशनमुळे वर येईना: कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने मजकुराच्या पडद्यावर जा, लॉगिन करा, जीसेटिंग्जने ग्नोम शेलचं ‘डिसेबल यूजर एक्स्टेंशन्स’ ट्रू करा, यंत्र पुन्हा सुरू करा. मग एकेक चालू करत चोर शोधा. वेलँडवर ऑल्ट-एफ२ आणि आर हा जुना उपाय चालत नाही, कारण तिथे शेल पडलं की सेशनच पडतं.

टाइमशिफ्ट या बॅकअपच्या प्रोग्रॅमवर विसंबून राहू नका: ते मुळात सिस्टिमच्या फायली जपतं, होम फोल्डर नाही, आणि तुमची सगळी मांडणी होममध्येच असते. फाइल मॅनेजरात कंट्रोल-एच दाबून लपलेला कॉन्फिग फोल्डर दाखवा आणि तो महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर घ्या. त्यात ब्राउझरची माहितीही असू शकते, तेव्हा पेनड्राइव्ह कुणाला देऊ नका. ग्नोम आणि सिनॅमनवर डीकॉन्फ डंपने सगळ्या सेटिंग एका फायलीत उतरतात, डीकॉन्फ लोडने परत येतात. एक्सएफसीईत पॅनेल प्रोफाइल्स नावाची खिडकीच आहे.

मोठा अपग्रेड गुरुवारी, म्हणजे दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायच्या वारी, लावू नका. लाइट गेली आणि बॅटरी जुनी असली तर अर्धवट पॅकेज निस्तरण्यात संध्याकाळ जाते.

नवीपेठ_नवशिका

डेबियन १३ आणि प्लाझ्मा लावलं. व्हर्च्युअल कीबोर्डच्या पानावर फसिटएक्स निवडल्यावर सगळीकडे गमभन चालतंय. एकच राहिलं: सुपर-स्पेसने भाषा बदलत नाही.

वेलांटी

फसिटएक्सची स्वतःची कळ कंट्रोल-स्पेस असते. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये तीच कळ अख्खा स्तंभ निवडते, त्यामुळे तशी ठेवू नका. फसिटएक्सच्या मांडणीत ग्लोबल ऑप्शन्स, ट्रिगर इनपुट मेथड, तिथे जुनी काढून सुपर-स्पेस द्या. जोडून ‘शेअर इनपुट स्टेट’ आहे, ते ‘ऑल’ करा. नाहीतर प्रत्येक खिडकीची भाषा वेगळी राहते.